पुढचं डावं चाक

मिस्त्रीची उंची नक्की किती, यावर त्या रस्त्यावर पैजा लागायच्या. तो स्वतः पाच फूट सांगायचा. समोरचा टायरवाला म्हणायचा, "पाच फूट, पण टाचा उचलून." आणि अशा माणसाचा धंदा काय, तर गाड्या उंच करायचा. गावातली दुकानं संपून डोंगराकडचा रस्ता सुरू होतो त्या वळणावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. जुन्या जीपगाड्या तिथे पोट घासत यायच्या आणि दोन-तीन इंच वर उठून, जरा छाती काढून बाहेर पडायच्या. "देवाने मला जे दिलं नाही ते मी गाड्यांना देतो," हे वाक्य दुसरा कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणून टाकायचा, म्हणजे विषय संपला.

कामात मात्र थट्टा चालायची नाही. कुणी येऊन म्हणालं, "मिस्त्री, स्प्रिंगच्या पाट्यांखाली नुसते ठोकळे घाला आणि स्वस्तात वर करून द्या," की त्याचा पारा चढायचा. "मग माझ्याकडे कशाला आलास? सुताराकडे जा," असं तोंडावर सांगून तो पाना उचलायचा. गाडी वर गेली की तिच्याबरोबर दहा गोष्टी ताणल्या जातात, हे त्याचं ठाम मत. ब्रेकच्या नळीचा होज आखूड पडतो, शाफ्ट तिरका होतो, स्टिअरिंगचा दांडा आपली जागा सोडतो. सपाट रस्त्यावर यातलं काही कळत नाही. कळतं ते एक चाक खड्ड्यात लोंबकळतं तेव्हा, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. म्हणून काम झालं की तो प्रत्येक गाडीचं एक चाक गॅरेजमागच्या दगडी ओट्यावर चढवायचा आणि स्वतः खाली सरपटत जाऊन बॅटरीच्या उजेडात एकेक नळी, एकेक बोल्ट बघायचा. खाली सरपटायला त्याच्याइतका सोयीचा माणूस नव्हता, हेही टायरवाल्याचंच म्हणणं.

एकतीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी डोंगरात दगा देऊन गेली नव्हती. या माणसाने आयुष्यात एकच गाडी मुद्दाम बिघडवली, आणि ती स्वतःच्या पोरीची.

पोरगी आईवर गेलेली. बापापेक्षा वीतभर उंच, आणि बापासारखीच हट्टी. ती नर्स होती. नेमणूक डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर. आठवड्यातून दोनदा ती लसींची पेटी खांद्याला लावून चार तास चढायची आणि चार तास उतरायची. लहानपणी बापाच्या हाताखाली पाने उचलून द्यायची, त्यामुळे कुठल्या बोल्टला कुठला पाना हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं. मिस्त्रीला त्याचा भारी अभिमान. लोकांसमोर तिला नावं ठेवायचा आणि पाठीमागे तिचे गोडवे गायचा.

आदल्या वर्षी वरच्या वस्तीतल्या एका बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणत होते. पोरगी झोळीबरोबर चालत होती. अर्ध्या वाटेत झोळीतलं कण्हणं थांबलं. पोरीने घरी येऊन हे सांगितलं ते इतक्या कोरड्या आवाजात की आईने हातातलं काम खाली ठेवलं. त्यानंतर सहा महिन्यांनी पोरगी एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून जीप घेऊन आली. अठ्ठावीस वर्षांची जीप. छताला गंज, सीटमधून स्प्रिंग बाहेर, आणि पाटे इतके बसलेले की मागून बघितलं तर गाडी उकिडवी बसलीय असं वाटावं.

"अगं, ही तुझ्यापेक्षा मोठी आहे," आई म्हणाली.

"मग तिला मान देऊन बोल," पोरगी म्हणाली. "बाबा, तीन इंच वर घ्यायची. ओढ्यातले दगड खाली लागता कामा नयेत. आणि नवं काही घ्यायचं नाही, माझ्याकडे जे होतं ते गाडीतच गेलं."

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून धुऱ्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "हाड चांगलं आहे." पुढे तीन आठवडे बाप-लेकीला तहानभूक नव्हती.

नवं काही न घेता गाडी उंच करायची म्हणजे भंगार बाजार पालथा घालणं आलं. एका छोट्या ट्रकचे पाटे मिळाले. त्यातले दोन मिस्त्रीने कापून, भट्टीत लाल करून, ठोकून-ठोकून बाकदार केले आणि जीपच्या जुन्या पाट्यांत बसवले. शॉक ॲब्सॉर्बर दुसऱ्याच गाडीचे, पण लांबीला बरोबर. टायर दिले टायरवाल्याने. अर्धे झिजलेले, पण खोल नक्षीचे. बदल्यात पोरीने त्याच्या आईची सहा महिने शुगर तपासायची असं ठरलं. ब्रेकचे होज तेवढे नवे, कारण मिस्त्री म्हणाला, "पोटाला चिमटा घे, पण ब्रेकला घेऊ नकोस." शाफ्टचा तिरकेपणा काढायला लेथवर पाचरी करून घेतल्या. पोरगी गाडीखाली पाठीवर झोपायची, बाप शेजारी झोपायचा, आणि दोघांच्या मध्ये पान्यांची ओळ. वर पत्रा तापायचा. दोघांची तोंडं काळी आणि नाकावर ग्रीस. मिस्त्रीच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे तीन आठवडे होते, आणि ते त्याला त्याच वेळी कळत होतं.

पण गाडी जसजशी वर उठत गेली तसतशी त्याची भीती वाढत गेली.

कारण तो रस्ता त्याला माहीत होता. तरुणपणी दोन वर्षं तो लाकडाच्या ठेकेदाराकडे त्याच डोंगरात गाडी चालवत होता. गावापासून तासाभरावर खडकाळ चढण लागते. ती चढली की पलीकडे उतार, उताराखाली ओढा, ओढ्यापलीकडे वस्त्या. त्या उतारावर त्याच्यापुढची गाडी एकदा दगडावरून घसरली आणि कड्यावरून खाली गेली. फार मोठा आवाज झाला नव्हता. खाली उतरून माणसं बाहेर काढणाऱ्यांत तोही होता. त्यानंतर त्याने ती नोकरी सोडली आणि डोंगराचं नाव काढलं नाही. लोकांच्या गाड्या डोंगरात जाण्याजोग्या करून देणं वेगळं. त्यात पोटची पोर बसणार हे वेगळं. मन चिंती ते वैरीही चिंतत नाही. रात्री डोळा लागला की त्याला तो छोटासा आवाज ऐकू यायचा.

आणि घरात कपाटाच्या खणात एक कागद पडून होता. गावातल्या दवाखान्यात दोन जागा निघाल्या होत्या. बदलीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा. पोरीने तो आणला होता तो मैत्रिणीच्या आग्रहाने. "गाडी चालली तर कशाला देऊ अर्ज?" असं म्हणून तिने तो खणात टाकला होता.

गाडी चालली तर. हे तीन शब्द मिस्त्रीच्या डोक्यात घर करून बसले.

शेवटच्या दिवशी दोघांनी गाडी ओट्यावर घेतली. एक चाक वर, समोरचं हवेत. मिस्त्री खाली सरपटला, त्याच्या मागून पोरगी. होज ढिले, शाफ्ट मोकळा, कुठे काही घासत नाही. मग मागच्या नाल्यात उतरवून पुढची चाकं जोडली आणि जीप एखाद्या बोकडासारखी वर चढून आली. पोरीने खाली उतरून बापाच्या टकलावर टपली मारली. एरवी कुणी मारली असती तर त्याचं काही खरं नव्हतं.

"बाबा, आता मी काही बघत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंय ना, झालं. मी जाऊन पेटी भरते. उद्या सहाला निघते, रिकामी फेरी. रस्ता कळेल."

ती गेली. संध्याकाळचे पाच वाजले होते. टायरवाला दुकान आवरत होता. मिस्त्री बराच वेळ जीपसमोर उभा राहिला.

अशा जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या मधोमध वाटीएवढं झाकण असतं, त्याला हब म्हणतात. हबवरची चकती हाताने फिरवली की चाक आतल्या दांड्याशी जोडलं जातं आणि इंजिनाचा जोर मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही मिळतो. जोडण्याचं काम करते आतली एक दातेरी रिंग. ती एका चाकातली काढली तरी पुरे, दोन्ही बाजू निकामी होतात. इंजिनाचा जोर आळशी असतो. जिकडे काही ओढायचं नाही तिकडे तो निघून जातो, तिकडचा दांडा नुसता गरगरतो, आणि दुसऱ्या बाजूचं चाक जागचं हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. चकती फिरते, खटका लागतो, सगळं जागच्या जागी.

मिस्त्रीने हिशोब केला होता. रिकामी फेरी. गाडीत पोर एकटी. दोन चाकांवर ती खडकाळ चढण चढणं शक्य नाही, ठेकेदाराच्या भल्याभल्या गाड्या तिथे माघार घ्यायच्या. चढणीच्या पायथ्याशी मोठं सपाट मैदान. गाडी हरेल, मागे घसरेल, मैदानात थांबेल. कुणाला खरचटणारही नाही. पोरगी साडेआठपर्यंत परत येईल, म्हणेल, बाबा, गाडी म्हातारी झालीय, तिच्याने होत नाही. तो म्हणेल, मी सांगितलं होतं. मग खणातला कागद बाहेर येईल. इतका सरळ हिशोब होता. ब्रेकला त्याने बोट लावलं नाही, स्टिअरिंगला लावलं नाही. जीवाला धोका होईल असं काही करायला तो काय वैरी होता?

सहा बोल्ट. पुढचं डावं चाक. दहा मिनिटांत रिंग त्याच्या खिशात होती आणि झाकण परत जागेवर. बिघाड करतानाही त्याने बोल्ट नीट आवळले. जित्याची खोड.

सकाळी सहाला पोरगी निघाली. आई फाटकापर्यंत गेली. मिस्त्री दारातच उभा राहिला.

"बाबा, चेहरा असा काय केलाय? लग्न करून चालले नाही मी."

"चढण नाही चढली तर जोर करू नकोस," तो म्हणाला. "सरळ मागे ये. गाडीला मारायचं नाही."

"चढेल हो. कुणी बनवलीय?"

साडेआठ वाजले. मिस्त्री गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला. रस्त्यावर काही आलं की मान वर करायचा. नऊ वाजता बायको डबा घेऊन आली आणि तिथेच रेंगाळली. ती खुशीत होती. "इतक्यात वर पोचली असेल," ती म्हणाली. "तुम्हाला सांगते, मला आधी भीती वाटत होती. पण काल रात्री शांत झोपले. म्हटलं, तुम्ही केलेली गाडी आहे. दुसऱ्या कुणी केली असती तर पाठवली नसती मी."

मिस्त्रीने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

साडेनऊला तो खुर्चीतून उठला. त्या चढणीवर गाडी हरणार हा हिशोब त्याने कुठल्या गाडीवरून केला होता? ठेकेदाराच्या. बसके पाटे, गुळगुळीत टायर, पोट दगडाला टेकणारं. आणि ही? हिला त्याने तीन इंच वर उचललं होतं. पाट्यांना स्वतः बाक दिला होता. टायर खोल नक्षीचे. चाकं दगडांवर ठेवायची कशी हे चालवणारीला त्यानेच शिकवलं होतं. तीन आठवडे जीव ओतून केलेलं काम एका रिंगेने हरणार असं त्याला वाटलं होतं. हरलं नसेल तर ती आत्ता चढणीच्या पलीकडे होती. उतारावर, किंवा ओढ्यात, दोन चाकांवर, आणि आपल्याला चार आहेत अशा समजुतीत.

डोंगरापलीकडे फोन लागत नाही. तरी त्याने चारदा लावला.

तो टायरवाल्याकडे धावत गेला. टायरवाल्याने त्याला धावताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो आधी हसला आणि मग त्याचा चेहरा बघून हातातलं काम टाकून उठला.

"पिकअप काढ. पोरीच्या गाडीत एक रिंग राहिलीय."

"राहिली? तुझ्याकडून?"

"काढ ना लेका गाडी!"

टायरवाल्याने पिकअप काढली. पण वाटेत तो दोनदा मिस्त्रीकडे बघून घेत होता. चाळीस वर्षांची दोस्ती. मिस्त्रीकडून काय राहू शकतं आणि काय नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पिकअप मैदानाच्या पुढे जाणार नव्हती. चढणीच्या पायथ्याशी जीप नव्हती. मिस्त्री खाली उतरला. त्याने दगडांवर चाकांचे माग पाहिले. कुठे घसरल्याची खूण नाही, कुठे टायर जागच्या जागी फिरल्याचा काळा पट्टा नाही. एका दमात, डावीकडच्या मोठ्या दगडावर बरोबर चाक ठेवून, गाडी वर गेली होती. क्षणभर त्याचा ऊर भरून आला. नंतरच्या क्षणी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो हातापायांनी ती चढण चढायला लागला. टायरवाल्याचे गुडघे कामातून गेलेले, तो पिकअपपाशीच थांबला.

चढण संपते तिथे वरून एक माणूस धावत येताना दिसला. अनवाणी, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"खाली गाडी आहे का कुणाची?" तो धापा टाकत म्हणाला. "नर्सबाईंची जीप ओढ्यात अडकलीय. वहिनी आहे आत. काल रात्रीपासून कळा येतायत, मूल आडवं आहे म्हणतात बाई."

रिकामी फेरी, एवढंच मिस्त्रीच्या डोक्यात फिरत राहिलं. रिकामी फेरी होती ना?

"कधीपासून अडकलीय?"

"तास झाला. जास्तच. बाई म्हणाल्या, गावात त्यांचे वडील आहेत, त्यांना आण. गाडी त्यांनीच केलीय, त्यांना कळेल काय झालंय."

"मीच तो," मिस्त्री म्हणाला.

त्या माणसाने हात जोडले आणि उलट फिरला. उतारावर मिस्त्री त्याच्या मागून धावला, पडला, उठला, पुन्हा धावला. ज्या वळणावर तरुणपणी ती गाडी कोसळली होती ते वळण कधी मागे पडलं हेही त्याला कळलं नाही.

ओढ्याला पाणी गुडघाभर होतं. जाताना जीप उतारावरून आली, सहज पलीकडे गेली. येताना हाच काठ चढायचा होता, ओल्या गोट्यांचा, आणि गाडीत पाच माणसं. पुढची चाकं काठावर होती. मागची गोट्यांत रुतत रुतत धुऱ्यापर्यंत गेली होती. एक तरुण माणूस, अडलेल्या बाईचा नवरा, मागे पाण्यात उभा राहून अजून खांदा लावत होता, इंजिन बंद होतं तरी. जीपच्या मागच्या भागातून आवाज येत होता. तो आवाज मिस्त्रीला माणसाचा वाटला नाही.

पोरगी खाली उतरली. तिचे हात कोपरापर्यंत धुतलेले होते, ओढणी कमरेला बांधलेली.

"बाबा! बरं झालं आलात. पुढची चाकं ओढतच नाहीत. हब दोन्ही लॉक आहेत, चार चाकांचा लिव्हर टाकलाय, मी तीनदा बघितलं. बहुतेक लिव्हरचा दांडा..."

ती बोलतच होती. मिस्त्री तिच्याजवळून गेला. त्याने लिव्हर बघितला नाही, शाफ्टखाली वाकला नाही, उजव्या चाकाकडे मान वळवली नाही. तो सरळ पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन गोट्यांवर गुडघे टेकून बसला आणि पहिल्या बोल्टला खिशातला पाना लावला.

पोरीचं बोलणं थांबलं.

ती मिस्त्रीची पोर होती. कुठलाही बिघाड शोधायला बाप कुठून सुरुवात करतो आणि कुठे संपवतो हे तिला पाठ होतं. आधी सोपं, मग अवघड. आधी बाहेर, मग आत. एकतीस वर्षांत या माणसाने न बघता कुठल्या गाडीचा बोल्ट सैल केला नव्हता. ती बघत उभी राहिली. झाकण निघालं. आत रिंग नव्हती. बापाने खिशात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली, ग्रीस लावून तयार ठेवलेली रिंग बाहेर काढली.

आतून त्या बाईच्या सासूने हाक मारली तशी ती वळून गाडीत चढली.

रिंग बसली. मिस्त्रीने मागच्या चाकांखालचे गोटे हातांनी उकरले, नखं फुटेपर्यंत, आणि चपटे दगड सारले. "स्टार्ट कर," तो ओरडला. यावेळी पुढच्या चाकांनी काठ पकडला, गाडीने एक हिसका दिला आणि पाणी गाळत वर आली. अडकल्यापासून पावणेदोन तास झाले होते. पोरीने गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली. नवरा आणि दीर मागे चढले. मिस्त्री पळत येऊन पुढच्या सीटवर बसला. पूर्ण वाटेत पोरीची नजर रस्त्यावर होती. उतरणीवर जीप अशी चालली की आतल्या बाईला धक्का कमीत कमी बसावा. पाटे दबत होते, उठत होते, कुठे काही घासलं नाही. काम चोख होतं. मिस्त्रीला प्रत्येक दगडागणिक ते जाणवत होतं आणि प्रत्येक दगडागणिक मागचा आवाज बारीक होत होता.

दवाखान्यात बाई वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

मिस्त्री भिंतीशी बाकावर बसला होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तो उठून त्यांच्या वाटेत उभा राहिला. "डॉक्टर, आधी आणलं असतं तर? दोन तास आधी?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित. कदाचित नाहीही. रात्रीपासून अडलेलं होतं." ते दमलेले होते, निघून गेले. हो म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. निदान एक काहीतरी नक्की झालं असतं.

पोरगी खूप वेळाने बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मिस्त्री बोलायला लागला. चढण, मैदान, साडेआठ, खणातला कागद, सगळं. वीस वर्षांचा असताना खाली उतरून काढलेली माणसंही. ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

"मी त्यांना सांगतो," शेवटी तो म्हणाला. "आत्ता जाऊन सांगतो. मारतील तर मारू देत. पोलिसात देतील तर देऊ देत."

"नाही सांगायचं," पोरगी म्हणाली.

"अगं, असं कसं?"

"बाबा, मी वर किती वर्षं जातेय? पाच. पाच वर्षांत पहिल्यांदा आज त्या सासूने हो म्हटलं. म्हणाली, झोळी नको, जीपमध्ये घाला सुनेला. मी तिला काय सांगितलं माहितीय? सांगितलं, माझ्या वडिलांनी स्वतः तपासलीय गाडी." तिचा आवाज तिथे फाटला, पण तिने तो परत जागेवर आणला. "तुम्ही जाऊन सांगा. तुमचं मन हलकं होईल. आणि वरचं एक माणूस पुन्हा त्या गाडीत बसणार नाही. परत झोळ्या सुरू होतील. तुम्हाला हलकं व्हायचंय, म्हणून अजून किती जणी झोळीत घालू?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीने खाली मान घालून खाल्ल्या असत्या. आपलंच कुंपण, आपणच शेत खाल्लं, असं काहीसं तो पुटपुटला. पोरीने ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

"आणि अर्ज?" त्याने विचारलं. का विचारलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"गुरुवारी परत वर जायचंय," ती म्हणाली. "टाके बघायला."

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि सासू बाहेर आली. म्हातारीच्या हातात कापडाचं लहानसं गाठोडं होतं, ते तिने बाहेर थांबलेल्या आपल्या मुलाच्या हातात दिलं आणि ती हळूहळू बाकाकडे आली. मिस्त्री उठून उभा राहिला. ती त्याच्याएवढीच होती उंचीला, त्यामुळे डोळे चुकवायला जागा नव्हती.

"तुमची पोर म्हणाली होती, बाबांना बोलवा, त्यांना कळेल," म्हातारी म्हणाली. "डोंगर चढून धावत आलात. हातांचं काय करून घेतलंय बघा. नातू नव्हता नशिबात. पण तुम्ही नसता आलात तर सूनही गेली असती. आम्ही हे विसरणार नाही."

मिस्त्रीने तोंड उघडलं. बाकावर पोरगी बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. म्हातारीने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले, आणि त्याने ते लावू दिले.